मधल्या ओळीतले लाईट

अक्का, आपले लाईट आले! खोक्यासकट तुमच्या शिलाई मशीनवर ठेवलेत, कारण घरात दुसरी कोरडी जागाच उरलेली नाही. मागं नव्या खोलीत प्लास्टर चाललंय, सगळीकडं पाणी आणि सिमेंट, आणि मी शाळेला निघायचं सोडून सारखी खोकी उघडतेय. एक लाईट हातात घेतला तर तळहातावर मावतो. गोल, पांढरा, बाजूला दोन स्प्रिंगचे कान. ते कान दुमडायचे, छतातल्या भोकात सरकवायचे आणि सोडून द्यायचे, की झालं, लाईट छताला चिकटून बसतो, असं दुकानदार म्हणाला. मघाशी कुणी बघत नाहीसं पाहून मी एक लाईट डोक्यावर उंच धरला आणि त्याच्याखाली उभी राहिले. वायर नाही, वीज नाही, नुसतीच उभी. तुम्ही असता तर दोघी हसून हसून खाली बसलो असतो.

तुम्हाला जाऊन पुरते दोन महिने झाले नाहीत आणि धाकटी जाऊ लाईट घेऊन नाचतेय, म्हणून गल्लीतल्या बायका नावं ठेवतील. ठेवू देत. रडायचं ते मी रडतेच. भाकरी थापताना रडू येतं, खुंटीवरची तुमची इंची टेप दिसली की येतं, शाळेत पोरांची हजेरी घेताना काही कारण नसताना येतं. पण लाईटचा विषय निघाला की ते कुठं पळतं कोण जाणे, अंगात नुसता उत्साह भरतो. हे वेड तुम्हीच लावलेलं आहे. लाईट निवडताना मी तोंड पाडून बसले असते तर आधी तुम्हीच खडसावलं असतं.

सुरुवात परळीला झाली. माझ्या भाचीच्या लग्नाला जोडवी घ्यायला आपण सराफाकडं गेलो होतो. मी जोडवी बघत होते आणि तुम्ही मान मागं टाकून छत.

“काय गं सुमे, हा उजेड पडतोय कुठून? बल्ब तर एकबी दिसंना.”

काउंटरवरच्या माणसालाच हसू आलं. “काकू, ते छतातच बसवलेले असत्यात. कन्सील लाईट.”

“म्हंजी छताच्या पोटात?”

“हां, पोटात.”

“आन् पोटातून एवढा उजेड?”

त्यानं पुढं केलेल्या जोडव्यांकडं न बघताच तुम्ही ‘हीच द्या’ म्हणालात आणि घरी आल्यावर ती भाचीच्या बोटात जाईनात. त्या दिवसापासून तुमची मान कायमची वर. बँकेत गेलो की वर, कारखान्याच्या ऑफिसात गेलो की वर. माजलगावच्या मंगल कार्यालयात तर सगळे नवरानवरीवर अक्षता टाकत होते आणि तुम्ही छतातल्या लाईटच्या ओळी बघत होता. मागच्या बायकांच्या अक्षता तुमच्याच तोंडावर पडल्या. येताना एसटीत मला म्हणालात, “आपल्याबी खोलीला असलेच करायचे. बघणाऱ्याला उजेड दिसला पायजे, दिवा न्हाई.”

आपली खोली! घराच्या मागं जिथं कडब्याची गंजी असायची ती जागा मोकळी झाली होती आणि तिथं घर वाढवायचं ठरलं होतं. भाऊजी, म्हणजे तुमचे मालक, आणि आमचे हे, दोघा भावांचा बेत दोन खोल्यांचा. एक थोरल्याची, एक धाकट्याची. आपल्या दोघींना पाहिजे होती एकच लांबलचक खोली, जिच्यात तुमचं मशीन बसेल, माझे पेपर तपासून होतील आणि सगळं घर एका पंगतीला जेवेल. बरीच घासाघीस झाली. शेवटी भाऊजी म्हणाले, “बरं, आत्ता एकच करा. भिंत काय, कधीबी घालता येती.”

मला वाटलं, जिंकलो. तुमचा चेहरा मात्र उतरला. दुसऱ्या दिवशी डाळ निवडताना तुम्ही हळूच म्हणालात, “कधीबी म्हणलं की समजायचं, ठरलेलं हाय.” आणि आपल्या गल्लीतली घरं बोटावर मोजून दाखवलीत. आधी भिंत येते, मग चूल वेगळी होते, मग पाडव्याला एका दारात दोन गुढ्या उभ्या राहतात. भांडण कुणाचंच झालेलं नसतं, नुसती सोय म्हणून भिंत घातलेली असते.

मग तुम्ही तुमचा डाव सांगितला. सुपातली डाळ बाजूला सारून तिथं बोटानं रेघ ओढलीत.

“भिंत येणार ती बरोबर हितं, मधोमध. व्हय ना? तर त्याच रेघंवर छतात लाईटाची वळ घ्यायची, ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत. जळता लाईट भिंतीत कोण गाडंल?”

मी आधी तोंडात पदर कोंबून हसले आणि मग वाद घालायला बसले. मधोमध उजेड काय कामाचा? उजेड पाहिजे मशीनवर, पेपरांवर, पोरांच्या पुस्तकांवर. मधे कोण बसणार आहे? “आपण बसू की जेवाय,” तुम्ही म्हणालात. “ताटं तिथंच मांडायची, रोज.” लाईटनं भिंत अडली असती तर सगळ्या गावानं लाईटच लावले असते, असं मी म्हणाले. त्यावर तुम्ही, हे कारण पुरुषांच्या कानावर घालायचं नाही, एवढं माझ्याकडून वदवून घेतलंत.

तसं कानावर घालायचं म्हटलं तरी ते काम तुमचंच होतं. या घरात आल्यापासून मी भाऊजींशी तोंडातोंडी बोललेली नाही. आपल्याकडची रीत; थोरल्या दिरापुढं डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. शाळेत मी वर्गभर पोरांवर ओरडते, पंधरा ऑगस्टला माईक धरून भाषण करते, पण घरात भाऊजी समोर बसलेले असले तरी मी तुम्हाला सांगायचं आणि तुम्ही त्यांना. तिघं एकाच खोलीत. “अक्का, भाऊजींना म्हणावं चहा निवतोय.” त्यांना ऐकू गेलेलं असायचं, तरी तुम्ही सांगेपर्यंत ते थांबायचे आणि मग म्हणायचे, “तिला म्हणावं, ठेव.” तुम्ही वैतागायचात. “मी काय टेलिफोनचा खांब हाय का?”

आणि हा खांब काही साधा नव्हता. इकडचं तिकडं जाईपर्यंत निरोपच बदलून टाकायचा. दोन खोल्यांची बोलणी चालली होती तेव्हा मी रागाच्या भरात म्हणाले, “अक्का, भाऊजींना सांगा, भिंत घातली तर मी माहेरी निघून जाईन.” भाऊजी हातभर अंतरावर. तुम्ही शांतपणे त्यांच्याकडं वळून म्हणालात, “ती म्हणती, भिंतीला विटा लई लागत्यात.” भाऊजींनीही गंभीर चेहरा करून मान हलवली, “लागत्यात खऱ्या.” त्यांनी माझा शब्दन् शब्द ऐकलाय हे मला ठाऊक, त्यांना ठाऊक आणि तुम्हालाही ठाऊक. तरी या घरात भांडण म्हणून कधी पेटलं नाही, ते तुमच्या या लबाडीमुळं. तुम्ही होता तोवर याबद्दल तुमचे आभार मानायचं मला कधी सुचलंच नाही.

मग तो रांगोळीचा दिवस. आठवला की मला अजून हसू फुटतं. रशीद मिस्तरींनी निरोप दिला होता, की छतातले लाईट पाहिजेत तर जागा आत्ताच सांगा. स्लॅब टाकायच्या आधी त्या त्या जागी डबे बसवावे लागतात, आणि एकदा वरून काँक्रीटचा माल पडला की डबा जन्मभर तिथंच. खोलीच्या भिंती उभ्या होत्या, वर नुसतं आभाळ. आपण दोघी रांगोळीचा डबा घेऊन आत शिरलो. खाली जिथं ठिपका, वर तिथं लाईट, असा सोपा हिशोब; मिस्तरी ओळंबा धरून वरची जागा पकडणार होते.

पण ठिपके काढायला बसल्यावर बाईचा हात थांबतो का? पाच ठिपके, पाच ओळी. तुम्ही एका बाजूनं, मी दुसऱ्या. मग तुम्हाला कोपरे मोकळे वाटले, मला कडा ओक्याबोक्या वाटल्या. बघता बघता जमीन भरली. मिस्तरी दारात उभे राहून केव्हाचे बघत होते. “भाभी, घर है के मंगल कार्यालय?” आणि मग बरोबर मधल्या ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं. “और पंखा किधर?”

पंखा! आपल्या दोघींपैकी कुणाच्याही डोक्यात पंखा आलाच नव्हता. रांगोळीत पंखा असतो कुठं? पात्यांच्या वर लाईट आला तर फिरत्या पात्यांत उजेड कापला जातो आणि सगळी खोली डोळे मिचकावल्यासारखी लुकलुकत राहते, असं मिस्तरींनी हाताची पाती फिरवून दाखवलं, तेव्हा आपण त्या अर्ध्या बांधलेल्या खोलीत बसकण मारून हसलो. तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि रांगोळीचा हात तिथंच पुसल्यामुळं गालावर पांढरे पट्टे उठले.

मग पायानं पुसत पुसत ठिपके कमी केले. दोन बाजूंना दोन पंखे, त्यांच्या पात्यांपासून चांगले लांब लाईट, तुमच्या मशीनच्या डोक्यावर एक, आणि ती मधली ओळ. ती पुसायला मी पाय पुढं केला तर तुम्ही खाली वाकून माझा पाय धरलात. थोरल्या जावेनं पाय धरला म्हणून मीच घाबरले, चार पावलं मागं सरकले. “हिला हात लावायचा न्हाई,” तुम्ही म्हणालात. मिस्तरी म्हणाले, “पाव लगा रही है, भाभी, हात किधर?” आणि आपण परत हसायला लागलो.

रंगाचा वाद तर परळीच्या लाईटच्या दुकानात, परक्या माणसांदेखत झाला. मला पिवळसर उजेड पाहिजे होता. संध्याकाळी घर कसं ऊबदार दिसतं त्यात. तुम्हाला पांढराफटक.

“पिवळ्यात मरून धागा आन् चाकलेटी धागा एकच दिसतो. कुणाच्या ब्लाउजला भलताच धागा लागला तर बोलणी तू खाशील का?”

“आणि पांढऱ्या उजेडात सगळं घर दवाखान्यात बसल्यासारखं दिसतं त्याचं काय?”

दुकानदार बिचारा मधे पडला. “वैनी, तीन रंगवाला घ्या की. बटण बंद करून परत चालू केलं की रंग बदलतो. पांढरा, पिवळा, दोन्हीच्या मधला.”

तुम्ही त्याच्याकडं असं बघितलंत जसं काही त्यानं आपल्या घरात भिंत घालायचा सल्ला दिलाय. “म्हंजी रोज सांजच्याला बटणापाशी भांडण. एका घरात राहायचं तर एक काय ते ठरवाय पायजे, बाबा.” ठरलं मात्र काहीच नाही. आपण गावी, दिंद्रुडला, पोचेपर्यंत भांडलो आणि उतरल्यावर एकच पेरू अर्धा अर्धा खाल्ला. तो वाद तसाच उघडा राहिला, अक्का. त्याचं काय केलं ते सांगते, पण जरा दम धरा.

कारण मधेच तुमचं दुखणं आलं आणि खरोखरच दवाखाना आला. अंबाजोगाईला तुम्ही खाटेवर उताण्या पडलेल्या, सलाईन लावलेलं, आणि मी स्टुलावर. मला वाटलं तुम्ही झोपलात. तर डोळे उघडून वर बघत म्हणालात, “सुमे, हे लाईट कुणी बसवले गं? चालत्या माणसाच्या हिशोबानं बसवल्यात. उताण्या माणसाच्या बरोबर डोळ्यात येत्यात.” मी उठून हातानं तुमच्या डोळ्यांवर सावली धरली. त्या सावलीत तुम्ही अगदी व्यवस्थित, दुकानदाराशी बोलावं तसं मला सांगितलंत, “खोलीत माझी खाट पूर्वंच्या भिंतीला यील. तिथला लाईट हातभर अलीकडं घे. मी घरी आल्यावर लई दीस उताणीच पडून राहणार हाय.”

“बरं,” मी म्हणाले. “आणि मधली ओळ?”

“मधली वळ तिथंच.”

“मधे उजेड वाया जातो, अक्का.”

“जाऊ दे की वाया. समदाच उजेड कामाचा कशाला पायजे?”

मी हसले आणि हात बदलला, कारण पहिला हात अवघडला होता. त्या वेळी मला तुमची मधली ओळ पटली होती. कधीच पटली होती, खरं तर तुम्ही सुपात रेघ ओढलीत तेव्हाच. पण पटली म्हटलं की भांडण संपणार आणि तुम्ही डोळे मिटून पडून राहणार, म्हणून मी वाद पुढं ओढत राहिले. भांडताना तुमचा आवाज चांगला खणखणीत यायचा. आता सांगते, पटली होती.

तुम्हाला घरी आणलं तेव्हा पूर्वेच्या भिंतीची गरज राहिली नव्हती. त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच सांगते, की बायकांनी कोपऱ्यात दहा दिवसांचा दिवा ठेवला तो अगदी दारातून आत येणाऱ्याच्या डोळ्यात यायचा. मी सगळ्यांच्या देखत उठले आणि तो हातभर बाजूला सरकवला. आमच्या यांच्या आत्याबाई ओरडल्या, दिवा हलवू नये म्हणून. मी ऐकलं नाही.

त्यानंतरचं घर तुम्हाला कसं सांगू? सगळ्यात मोठी पंचाईत माझी आणि भाऊजींची झाली. ते पायरीवर बसलेले, मी चहा घेऊन उभी, आणि मधे कुणीच नाही. चहा आलाय हे सांगायचं कुणाकडून? मी बशी जरा आपटून ठेवायला लागले. मग ते हात पुढं करायचे. दिवस दिवस आमच्यात तेवढंच बोलणं, बशीचं. दोघांनाही तुमच्याबद्दल बोलायचं होतं आणि बोलायचा रस्ताच तुम्ही बरोबर घेऊन गेला होतात.

तेराव्यानंतर मिस्तरी आले. खोलीवर सेंट्रिंगच्या प्लेटा चढवून, सळई बांधून झाली होती. खाली टेकूंचं रान. भाऊजी पायरीवर बसलेले, बाकी सगळे अंगणात उभे होते, मी दारात. “कल माल डालते,” मिस्तरी म्हणाले. “डब्बे जैसा भाभीने बोला था वैसेच लगाऊं?”

भाऊजींनी मान वर न करता सांगितलं, “दोन पंखे, चार लाईट, बास. मधली वळ काढून टाका. मधी भिंत घ्यायची हाय.” मग कुणाकडंच न बघता म्हणाले, “एवढ्या मोठ्या खोलीत मी एकला काय करू?”

त्यांचा राग येईना आणि गप्पही बसवेना. यांच्याकडं बघितलं तर हे पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. थोरल्या भावापुढं हे कधी बोललेत? भाऊजींच्या शेजारची पायरी, तुमची, मोकळी होती. मी त्या पायरीकडं बघितलं आणि तोंडातून निघून गेलं,

“अक्का, भाऊजींना सांगा, मधे भिंत नको. ती ओळ तुम्ही भिंत येऊ नये म्हणूनच घेतली होती, हे त्यांना सांगा. आणि ते एकटे नाहीत, हेबी सांगा.”

मिस्तरींनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. निरोप बदलायला मधे कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं बोलणं जसंच्या तसं त्यांच्यापर्यंत पोचलं. भाऊजींनी त्या मोकळ्या पायरीकडं बघितलं, मग ते उठले, खांद्यावर टॉवेल टाकला आणि शेताकडं निघून गेले.

“बसवा,” आमचे हे मिस्तरींना म्हणाले. तुमच्या लाडक्या दिरानं आयुष्यात पहिल्यांदा थोरल्याला न विचारता काहीतरी सांगितलं. शाबासकी द्यायला पाहिजे होती तुम्ही.

आणि मग आम्ही कामाला लागलो! डबे मोकळे ठेवले तर त्यात सिमेंट जातं, म्हणून त्यांच्यात कागद नाहीतर चिंध्या ठासून भरतात. मी तुमच्या मशीनखालचं कातरणाचं गाठोडं आणलं. लाल, हिरवी, मोरपंखी, जरीच्या काठाचे तुकडे, अर्ध्या गावाची ब्लाउजं त्या गाठोड्यात होती. एकेका डब्यात मी ती गच्च कोंबली. पूर्वेच्या भिंतीजवळचा डबा हातभर अलीकडं घेतला. तिथं आता कुणाची खाट येईल ते येईल, त्याच्या डोळ्यात उजेड येणार नाही.

स्लॅबच्या दिवशी सकाळीच मिक्सरचा दणदणाट सुरू झाला. घमेली या हातातून त्या हातात, शिडीवरून आरडाओरडा, मिस्तरींच्या शिव्या. मला इतकं भरून आलं होतं की मी विनाकारण सगळ्यांना पाणी पाजत सुटले. स्लॅब पडला की कामगारांना गोड द्यायचं असतं. पण दुःखाच्या घरात गोड कसं करायचं, म्हणून मी नुसता वरण-भात टाकला होता. तर संध्याकाळी भाऊजी स्टँडवरून कागदात जिलबी बांधून घेऊन आले. मिस्तरींच्या हातात पुडा दिला आणि म्हणाले, “तिला लई हौस हुती.” भिंतीबद्दल मात्र अवाक्षर नाही. उरलेल्या विटा अंगणात रचून ठेवलेल्या होत्या, एका भिंतीला बरोबर पुरतील एवढ्या. येता-जाता माझी नजर त्या विटांवर पडायची. डबे छतात गेले म्हणून काय झालं, भिंत कधीबी घालता येते.

सेंट्रिंग निघालं त्या दिवसाचं काय सांगू! वायरमन शिडीवर चढला आणि पकडीनं डब्यातलं कातरण ओढायला लागला. कोरड्या करड्या छतातून लाल पट्टी लोंबायला लागली. मग हिरवी. मग जरी. एकेक डबा उघडत गेला तसे छतातून तुमचे रंग खाली यायला लागले. मी टाळ्या वाजवल्या, खरंच, लहान पोरासारख्या. भाऊजी खाली उभे होते. ते मान मागं टाकून वर बघायला लागले, आणि मान किती वेळ खाली घेतलीच नाही. मधल्या ओळीखाली उभं राहून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्यांनी ते सगळे डबे बघितले.

परवा ते यांना म्हणाले, “परळीला जायचं हाय लाईटाला. धाकटीलाबी घे, तिला ठावं हाय.”

रंगाचं सांगते म्हणाले होते ना, तर ऐका. तुमच्या मशीनवरचा लाईट पांढरा घेतला, कारण धाग्याबद्दल तुमचं खरं होतं, आणि मी आता त्या मशीनवर शिकणार आहे. बाकी सगळे पिवळे. हो, सगळे, मधल्या ओळीतले पण. तुमच्या माघारी तुमच्यापुढं मान तुकवून सगळं पांढरं करून टाकलं असतं तर ते आपल्या भांडणाला शोभलं नसतं. काय बोलायचंय ते बोला. तीन रंगवाला घेतला नाही, एवढं तरी माझं कौतुक करा.

पण हे सगळं नंतरचं. आधी आम्ही दुकानात शिरलो तेव्हा तोच दुकानदार होता. त्यानं मला ओळखलं, तुम्हाला शोधत माझ्या मागं बघितलं आणि भाऊजींचा चेहरा बघून काय ते समजला. नुसतं म्हणाला, “खोल्या किती हायेत? त्या मानानं लाईट काढतो.”

हे भाऊजींकडं बघायला लागले. मी काउंटरच्या काचेकडं. तुम्हाला हाक मारायची माझी तयारी झाली होती, अक्का. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या देखत, ओठापर्यंत आली होती.

“एक,” भाऊजी म्हणाले. मग ते वळले, आणि सरळ माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, “एकच हाय न्हवं, सुमन?”

“एकच हाय, भाऊजी,” मी म्हणाले.